हरित फंड विकण्याआधी आपली जोखीम नेमकी कुठे आहे ते पाहावे

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ४८ वर्षांच्या असून एका मोठ्या पोलाद कंपनीच्या लेखा विभागात काम करतात. निवृत्तीला बारा वर्षे आहेत. बचतीचा सर्वांत मोठा भाग कंपनीने कर्मचाऱ्यांना सवलतीत दिलेल्या शेअरमध्ये आहे, काही भाग सर्वसाधारण इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातील सर्व कंपन्यांत पैसा गुंतवणाऱ्या फंडात आहे, आणि २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी स्वच्छ ऊर्जेच्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा एक ‘हरित’ फंड घेतला होता, ज्याचे मूल्य आज जवळजवळ निम्म्यावर आले आहे. राहते घर समुद्राजवळच्या सखल भागात आहे, त्यावरचे कर्ज फिटायचे आहे, आणि यंदा विमा कंपनीने हप्ता बराच वाढवला, असा ओझरता उल्लेख पत्रात आहे. इंडेक्स फंडात तेल आणि कोळशाच्या कंपन्या असल्यामुळे आईने तो विकावा, असा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचा आग्रह आहे. पतींचे म्हणणे उलट आहे: अमेरिकेनेच हवामान धोरणातून माघार घेतल्यावर हरित फंड तोटा सोसून विकावा आणि हा विषय गुंतवणुकीतून कायमचा काढून टाकावा. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्या विचारतात.

उत्तर:

तुम्ही विचारलेला प्रश्न दोन फंडांचा आहे. पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती मात्र त्या प्रश्नाच्या बाहेर आहे, आणि ती तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे: तुमचा पगार आणि तुमच्या बचतीचा सर्वांत मोठा हिस्सा एकाच पोलाद कंपनीवर अवलंबून आहे, आणि तुमचे घर अशा जागी आहे जिथल्या धोक्याबद्दल विमा कंपनीचे मत बदलू लागले आहे. हवामान बदलाचा आणि त्याला आवर घालणाऱ्या धोरणांचा तुमच्या पैशावर जो परिणाम व्हायचा आहे, तो मुख्यतः या दोन ठिकाणी होईल. फंडांचा निर्णयही घेऊच, पण त्याचा क्रम नंतरचा आहे.

तुमच्या घरात चाललेल्या वादात मला तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. आहे ती पुंजी सुरक्षित कशी राहील, हा पहिला. ऊर्जेच्या व्यवस्थेत होणाऱ्या बदलातून काही कमावता येईल का, हा दुसरा. आपला पैसा कशाला हातभार लावतो आहे, हा तिसरा, आणि तो सदसद्विवेकाचा आहे. तुमची लेक तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते आहे, तुमचे पती दुसऱ्याबद्दल, आणि पहिल्याबद्दल कोणीच बोलत नाही. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण एका फंडाच्या खरेदी-विक्रीतून तिन्हींची उत्तरे मिळतील, असे मानण्यात गफलत आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. सप्टेंबर २०१५ मध्ये, पॅरिस करार होण्याच्या काही आठवडे आधी, बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर मार्क कार्नी यांनी लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात भाषण करताना या जोखमीची तीन भागांत मांडणी केली होती. पूर, वादळ, वणवा, उष्णतेची लाट यांनी होणारे थेट नुकसान ही भौतिक जोखीम. धोरण, तंत्रज्ञान आणि मागणी बदलल्यामुळे जुन्या मालमत्तेचे मोल घटणे ही संक्रमणाची जोखीम. झालेल्या हानीची भरपाई मागणारे दावे अंगावर येणे ही दायित्वाची जोखीम. कॅलिफोर्नियातील पीजी अँड ई ही वीजपुरवठा कंपनी पाहा. वीजपुरवठ्याच्या धंद्यात उत्पन्न स्थिर असते आणि लाभांश नियमित मिळतो, म्हणून निवृत्तीच्या तोंडावर असलेले लोक असे शेअर हौसेने घेतात. २०१७ आणि २०१८ च्या वणव्यांनंतर, ज्यांतील एका वणव्यात पॅराडाइज हे गाव जळाले आणि ८५ माणसे मृत्युमुखी पडली, कंपनीवर सुमारे तीस अब्ज डॉलरच्या दाव्यांचे ओझे आले आणि जानेवारी २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑक्टोबर २०१७ च्या आधी सत्तर डॉलरच्या आसपास असलेला शेअर तोवर दहा डॉलरच्या खाली गेला होता. तो घेणाऱ्यांपैकी किती जणांनी आपण हवामानाशी निगडित गुंतवणूक करतो आहोत असा विचार केला असेल? ही जोखीम फंडाच्या नावावर लिहिलेली नसते, एवढेच मला या उदाहरणातून सांगायचे आहे.

हवामान बदल हा पुढच्या पिढीचा प्रश्न आहे, तेव्हा बारा वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाने त्याची चिंता कशाला करावी, असे एक गृहीतक तुमच्या पत्रातही डोकावते. समुद्राची पातळी हळूहळू वाढते हे खरे आहे. किंमत मात्र हळूहळू बदलत नाही. घराची, शेअरची किंवा रोख्याची किंमत ही पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षांचा आजचा हिशेब असते, आणि अपेक्षा बदलल्या की हिशेबही एका झटक्यात बदलतो, मग पाणी उंबऱ्याला लागायला अजून वीस वर्षे असोत. हा बदल सर्वांत आधी विम्यात दिसतो, कारण विमा दर वर्षी नव्याने केला जातो. स्विस री या पुनर्विमा कंपनीच्या, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या, आकडेवारीनुसार २०२० ते २०२४ या पाचही वर्षांत नैसर्गिक आपत्तींमुळे विमा कंपन्यांवर पडलेला बोजा दरवर्षी शंभर अब्ज डॉलरपेक्षा जास्त होता. यातला मोठा वाटा धोक्याच्या जागी अधिक आणि महागडी बांधकामे झाल्याचा आहे, सगळा हवामानाचा नाही, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. पण विमा कंपनीला कारणाशी देणेघेणे नसते, दाव्याशी असते. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या मोठ्या अमेरिकी विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांच्या विम्याचे नवे अर्ज घेणेच थांबवले.

आता तुमच्या घराकडे या. तुमचे कर्ज अनेक वर्षांचे आहे आणि विम्याचा करार एका वर्षाचा. या दोन मुदतींमधले अंतर हीच तुमची खरी जोखीम आहे. कर्ज देणारी बँक बहुधा विमा असण्याची अट घालते; उद्या विम्याचा हप्ता परवडेनासा झाला किंवा विमा मिळेनासाच झाला, तर घराला पुढे गिऱ्हाईक मिळणेही अवघड होते, कारण त्या गिऱ्हाइकालाही कर्ज लागते आणि त्या कर्जाला विमा. म्हणजे घराला पुराचा थेंबही न लागता त्याची किंमत उतरू शकते. घाबरून घर विकायला काढा असे मी मुळीच म्हणत नाही. घर हे राहण्यासाठी असते, आणि तुमच्या भागात संरक्षक बंधारा, पाण्याचा निचरा किंवा पंप यांवर प्रशासन खर्च करणार असेल तर चित्र बदलू शकते. पण तुम्ही विमा कंपनीला लेखी विचारायला हवे की हप्ता कशामुळे वाढला: सगळ्याच ग्राहकांचा वाढला, की तुमच्या भागाची धोक्याची श्रेणी बदलली? पुरापासून होणारे नुकसान करारात समाविष्ट आहे की वगळलेले आहे, हे कराराच्या बारीक अक्षरांतून स्वतः वाचून पाहा. अनेक ठिकाणी घराच्या सर्वसाधारण विम्यात पूर येतच नाही आणि हे लोकांना पाणी ओसरल्यावर कळते. उत्तर समाधानकारक नसेल, तर निवृत्तीनंतर याच घराची विक्री करून पैसा उभा करण्याचा बेत तुमच्या हिशेबातून वगळून पाहा. त्याशिवायही निवृत्ती निभावत असेल तर निश्चिंत राहा. निभावत नसेल, तर बारा वर्षे हातात असताना ते कळलेले बरे.

दुसरी जागा म्हणजे तुमची कंपनी. पोलाद हा जगातल्या सर्वाधिक कार्बन सोडणाऱ्या उद्योगांपैकी एक आहे. झोतभट्टीत कोळशाच्या कोकवर लोहखनिज वितळवून एक टन पोलाद करताना साधारण दोन टन किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत हे प्रमाण त्या मानाने फारच कमी असते. युरोपीय संघाने सीमेवरील कार्बन समायोजनाची यंत्रणा, जिला सीबीएएम म्हणतात, ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती गोळा करण्यापुरती सुरू केली होती, आणि २०२६ पासून आयात होणाऱ्या मालावर, तो बनवताना सुटलेल्या कार्बनच्या प्रमाणात, ती प्रत्यक्ष आकार लावते. लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन हे तिच्यातले पहिले सहा गट आहेत. युरोपातल्या कारखान्यांना आजवर फुकट मिळणारे उत्सर्जन परवानेही, ज्यांतला एकेक परवाना एक टन कार्बन सोडण्याची मुभा देतो, २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होणार आहेत, आणि ते जितके घटतील तितका आयातीवरचा हा आकार वर्षागणिक जड होत जाईल. तुमची कंपनी युरोपात असो वा युरोपाला माल विकणारी असो, हा खर्च कुठल्या ना कुठल्या रूपाने तिच्या हिशेबात येणार. अमेरिकेने काय ठरवले, याच्याशी त्याचा संबंध नाही.

कंपनीचा कारभार वाईट आहे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. ती कदाचित या बदलातून अधिक सशक्त होऊनही बाहेर पडेल. मुद्दा एकाच ठिकाणी सारे ठेवण्याचा आहे. कंपनीवर संकट आले तर पगार, बढती आणि शेअर यांना एकाच वेळी झळ बसेल. या बाबतीत नॉर्वेच्या सरकारी निवृत्ती निधीचे उदाहरण मला फार बोलके वाटते. नोव्हेंबर २०१७ मध्ये हा निधी सांभाळणाऱ्या नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेने तेल आणि वायू कंपन्यांचे शेअर निधीतून वगळावेत असा सल्ला सरकारला दिला. त्यामागचे कारण पर्यावरणाचे नव्हते. देशाचे उत्पन्न आधीच तेलावर अवलंबून असताना बचतही तेलातच ठेवली, तर तेलाची किंमत कायमची घसरल्यास दोन्हीकडून मार बसेल, इतका साधा तो हिशेब होता. सरकारने २०१९ मध्ये तो अंशतः मानला आणि केवळ तेल शोधणाऱ्या व उपसणाऱ्या कंपन्या वगळण्याचे ठरवले. तुमची स्थिती नॉर्वेसारखीच आहे, फक्त तेलाच्या जागी पोलाद आहे. ज्या धंद्यातून पगार येतो त्याच धंद्यात बचत वाढवत नेण्याचे कारण, तो धंदा कितीही ओळखीचा असला तरी, मला दिसत नाही.

म्हणून माझा सर्वांत ठाम सल्ला हा आहे की कंपनीचे शेअर टप्प्याटप्प्याने कमी करा. नोकरी देणाऱ्या कंपनीचा वाटा एकूण गुंतवणुकीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा, असा एक रूढ ठोकताळा आहे. तो काटेकोर नियम नसला तरी दिशा दाखवायला पुरेसा आहे. सवलतीत मिळणारे नवे शेअर जरूर घ्या, कारण सवलत हा पगाराचाच भाग आहे, पण विकण्याची मुभा मिळाली की कराचा हिशेब पाहून विका आणि पैसा इतरत्र वळवा. तुम्ही लेखा विभागात आहात. कंपनीचा वार्षिक अहवाल गुंतवणूकदाराच्या नजरेने वाचणे तुम्हाला इतरांपेक्षा सोपे जाईल. त्यात ‘२०५० पर्यंत शून्य उत्सर्जन’ अशी घोषणा आहे का हे पाहण्याआधी भांडवली खर्चाचे कोष्टक पाहा. झोतभट्टीचे अस्तर एकदा बदलले की ती पुढे पंधरा-वीस वर्षे चालवायची असते. जी कंपनी घोषणा एक करते आणि पैसा जुन्या भट्ट्यांच्या नूतनीकरणात घालते, तिचा खरा अंदाज त्या खर्चात दिसतो. युरोपात किती टक्के माल जातो आणि नव्या प्रकल्पांचा हिशेब करताना कंपनी कार्बनची काही किंमत धरते का, हेही शोधा. हवामानविषयक जोखमी उघड करण्याचे एक आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस एस-२, जून २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. प्रत्येक देशात ते सक्तीचे नाही, पण त्यातले प्रश्न कोणत्याही भागधारकाला विचारता येतात.

आता तुमच्या पतींचे म्हणणे. धोरण मागे फिरले म्हणून विषय संपला, हे अनुमान मला घाईचे वाटते, तरी त्यातला खरा भाग मान्य केला पाहिजे. हवामान धोरण सरळ रेषेत पुढे जात नाही. युरोपचा उत्सर्जन परवान्यांचा बाजार २००५ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या परवान्यांची किंमत २००७ मध्ये शून्याजवळ गेली, २०१३ मध्ये ती पाच युरोच्या खाली होती, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने शंभर युरोचा टप्पा ओलांडला, आणि वर्षभरात ती साठच्या खाली उतरली. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेला भरघोस करसवलती दिल्या, जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्यांतील अनेक सवलती आखडत्या घेतल्या. एका सरकारच्या एका कायद्यावर सारी मदार असलेली गुंतवणूक धोक्याची, हे यातून स्पष्ट दिसते.

पण धोरण ढिले पडल्याने जोखीम नाहीशी होत नाही. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. कार्बनवरचे निर्बंध सैल झाले तर पोलाद आणि तेलाच्या कंपन्यांचा ताण काही काळ हलका होतो, संक्रमणाची जोखीम कमी होते. त्याच वेळी वातावरणात अधिक कार्बन जाऊन भौतिक जोखीम वाढते, आणि ती शेअरच्या किमतीत नव्हे तर सखल भागातल्या घराच्या विम्यात आधी उमटते. तुमच्या पतींनी दिलेली बातमी तुमच्या कंपनीच्या शेअरला कदाचित अनुकूल आहे. तुमच्या घराला ती प्रतिकूल आहे. म्हणून विषय काढून टाकणे हा पर्याय तुमच्यापुढे मुळात नाहीच. हवामानाबद्दल काहीच न ठरवणे म्हणजे आज आहे ती विभागणी, अर्धी पोलादात आणि अर्धी समुद्रकाठी, बरोबर आहे असे ठरवणे.

हरित फंडाचा तोटा तुम्हाला सलतो आहे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण हा निर्णय तुम्ही नुसत्या लोभाने घेतला नव्हता. इथे एक गृहीतक मात्र तपासू या. एखाद्या उद्योगाची भरभराट होणार हे ओळखले म्हणजे त्या उद्योगाच्या शेअरमध्ये फायदा होणार, असे आपण मानतो. गेल्या काही वर्षांत सौरऊर्जेची वाढ बहुतेक अंदाजांपेक्षा वेगाने झाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये जगात अक्षय ऊर्जेची नवी क्षमता आदल्या वर्षीपेक्षा सुमारे निम्म्याने अधिक वाढली, आणि त्याच वर्षी सौर पॅनेलच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. पॅनेल स्वस्त होणे पृथ्वीसाठी आणि वीज वापरणाऱ्यासाठी चांगले आहे. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीच्या भागधारकासाठी तीच गोष्ट नफा आटवणारी आहे. शिवाय पवन आणि सौर प्रकल्पांत जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो आणि उत्पन्न पुढची वीस-पंचवीस वर्षे येत राहते, त्यामुळे २०२२ आणि २०२३ मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले तेव्हा या धंद्याचे गणित इतरांपेक्षा जास्त बिघडले. डेन्मार्कच्या ओर्स्टेड या समुद्रातील पवनऊर्जेतल्या अग्रगण्य कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू जर्सीजवळचे दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. जानेवारी २०२१ च्या शिखरापासून तोवर तिच्या शेअरने तीन चतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावले होते. तुम्ही फंड घेतला तो नेमका त्या शिखराचा काळ होता. दिशेचा तुमचा अंदाज चुकला नव्हता, मोजलेली किंमत फार जास्त होती.

उलट बाजूलाही हेच लागू होते. पीबॉडी ही अमेरिकेतील खासगी क्षेत्रातली सर्वांत मोठी कोळसा कंपनी एप्रिल २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. स्वस्त नैसर्गिक वायू, घटलेली मागणी, ऑस्ट्रेलियातील खाण कंपनीच्या खरेदीसाठी काढलेले कर्ज आणि कडक होत गेलेले पर्यावरण नियम या सर्वांचा त्यात वाटा होता, आणि जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही. सावरून उभ्या राहिलेल्या त्याच कंपनीचा नवा शेअर २०२० मध्ये एका डॉलरजवळ घसरला होता आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, वीस डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीने सुमारे ५६ अब्ज डॉलरचा विक्रमी नफा मिळवला. ज्यांनी केवळ परताव्याच्या आशेने तेल-कोळसा सोडला होता त्यांची त्या वर्षी निराशा झाली असणार. ज्यांनी विवेकाने सोडला होता त्यांना निराश होण्याचे कारण नव्हते.

इथून तुमच्या लेकीच्या आग्रहाकडे येतो. तिच्या म्हणण्याला मी मान देतो आणि तुम्हीही द्यावा. तिला एवढेच स्पष्टपणे सांगा की तुम्ही विकलेले शेअर कोणीतरी विकत घेतो. कंपनीच्या तिजोरीतून त्यामुळे एक पैसाही कमी होत नाही आणि एकही तेलविहीर बंद होत नाही. कंपनीला नवे भांडवल किंवा कर्ज महाग पडू लागले तरच विक्रीचा परिणाम होतो, आणि त्यासाठी फार मोठ्या प्रमाणावर पैसा बाहेर पडावा लागतो. मालक म्हणून आत राहून दबाव आणण्याचा मार्गही कधी कधी चालतो. मे २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या छोट्या गुंतवणूक संस्थेने एक्सॉनमोबिलचे अवघे ०.०२ टक्के शेअर हाती असताना संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले, कारण मोठ्या इंडेक्स फंडांनी तिच्या बाजूने मत दिले. त्यानंतर कंपनीने तेलाचा धंदा सोडला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तुमच्या इंडेक्स फंडाची संस्था तुमच्या पैशाच्या जोरावर दर वर्षी मते देत असते. हवामानविषयक ठरावांवर तिने कसे मत दिले, हे विचारणारे पत्र तुम्ही आणि तुमची मुलगी मिळून लिहू शकता. अशी पत्रे फार थोडे लोक लिहितात, म्हणून त्यांना वजन असते.

पुंजीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने इंडेक्स फंड ही तुमच्याकडची सर्वांत चांगली वस्तू आहे आणि ती राखावी असे माझे मत आहे. अमेरिकेतील सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात १९८० च्या सुमारास ऊर्जा कंपन्यांचा वाटा चतुर्थांशाहून अधिक होता. २०२० मध्ये तो तीन टक्क्यांच्याही खाली गेला होता. निर्देशांकातले वाटे आपोआप बदलत गेले, त्यामुळे तो धरून बसलेल्या माणसाला यातले काही भाकीत करावे लागले नाही. तरीही कोळशाच्या कमाईतला हिस्सा घरात येऊ नये असे तुम्हा दोघींना मनापासून वाटत असेल, तर कोळसा आणि तेल वगळलेला पण बाकी सर्व क्षेत्रे असलेला निर्देशांक फंड निवडा. परतावा काही वर्षे जास्त येईल, काही वर्षे कमी, आणि २०२२ सारखे वर्ष पुन्हा आले तर ते सोसायची तयारी आधीच ठेवा. हा निर्णय विवेकाचा म्हणून घेतला तर तो पूर्णपणे समर्थनीय आहे.

हरित फंड ठेवायचा असेल तर तो एकूण बचतीच्या पाच-सात टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. विकायचा की ठेवायचा, हे ठरवताना खरेदीची किंमत विसरून स्वतःला विचारा: आज हीच रक्कम रोख हातात असती तर हाच फंड घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर विका, आणि तोटा करात वजा करता येत असल्यास तो करून घ्या. ‘हो’ असेल तर नावावर न जाता फंडातल्या पहिल्या दहा कंपन्या आणि शुल्क पाहा. डॉइश बँकेच्या डीडब्ल्यूएस या फंड संस्थेला आपले पर्यावरणीय व सामाजिक निकष आहेत त्यापेक्षा कडक असल्याचे भासवल्याबद्दल सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी नियामकाने १.९ कोटी डॉलरचा दंड केला होता. युरोपात आता नावात पर्यावरण किंवा शाश्वतता सुचवणारे शब्द वापरणाऱ्या फंडाला किमान ८० टक्के गुंतवणूक त्या निकषांत दाखवावी लागते. हरित रोख्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण इतर वाचक नेहमी विचारतात, म्हणून सांगतो: रोख्याचा पैसा हरित प्रकल्पात गेला तरी परतफेडीची हमी त्या प्रकल्पाची नसते, ती रोखे काढणाऱ्या संस्थेची असते, तेव्हा संस्थेची पत आधी पाहावी.

शेवटी क्रम. विम्याच्या नूतनीकरणाला ठरलेली तारीख आहे, म्हणून विमा कंपनीला लिहायचे पत्र या आठवड्यातच लिहा आणि दुसऱ्या एक-दोन कंपन्यांकडूनही दर मागवा, म्हणजे वाढ तुमच्या घरामुळे आहे की त्या कंपनीमुळे, हे कळेल. त्यानंतर कंपनीच्या शेअरपैकी कोणते विकायला मोकळे आहेत आणि त्यांवर किती कर बसेल, याची यादी करून पुढच्या दोन-तीन वर्षांत विक्री कशी विभागायची ते एखाद्या नोंदणीकृत सल्लागारासोबत बसून ठरवा. तो फंडांचे कमिशन घेणारा नसून तुमच्याकडून फी घेणारा असावा. मिळणाऱ्या पैशातून आधी सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम रोख बाजूला ठेवा, कारण पूर किंवा नोकरीवरचे संकट आले तर शेअर पडत्या भावात विकायची वेळ येऊ नये. उरलेली रक्कम इंडेक्स फंडात घाला किंवा कर्ज फेडण्याकडे वळवा. हरित फंडाचा निर्णय या सगळ्यानंतर घेतला तरी चालेल. तुमच्या एकूण पुंजीच्या मानाने तो सर्वांत लहान आहे.